अधिक चार अंश

शेडमध्ये अधिक चार अंश.
बाहेर जासईच्या रस्त्यावर डांबर पाघळतंय
आणि आम्ही सातजणी स्वेटर घालून
हॉलंडच्या चीजला इकडचा पत्ता चिकटवतोय:
आयातदार, नजीर अ. परकार,
मोहल्ला, म्हसळा, जिल्हा रायगड.

"मूळचं छापलेलं झाकायचं नाही,"
सुपरवायझर तांडेल पट्टी घेऊन फिरतात.
"हिरवा ठिपका चौकटीत.
कलला तर सगळी खेप परत."
बारा हजार चारशे पाकिटं.
माझ्या वाट्याला सतराशेवर ठिपके.
हळदीकुंकवाला सुद्धा
इतक्या कपाळांना माझं बोट लागलं नसेल.

परकार रोज एसटीनं येतात.
कुवेतमध्ये बावीस वर्षं
त्यांनी दुसऱ्याच्या दुकानात दुसऱ्याचं चीज रचलं,
जुनं पुढे, नवं मागे.
तिथला सगळा फंड
ह्या एका पांढऱ्या कंटेनरात घातला.
कंटेनर प्लगला लावलेला, घुमतोय.
विजेचं बिल तासावर, जागेचं दिवसावर,
आणि आतल्या मालाचं आयुष्य
मालावरच छापलेलं.

नमुन्याचे दोन तुकडे लाखेखाली गेले.
वरून प्रश्न आला: दूध कशानं बांधलं?
परकारांना उत्तर ठाऊक होतं,
पण ठाऊक असणं चालत नाही, कागद लागतो.
तिकडच्या डेअरीत तेव्हा रात्र होती,
मग ईस्टर होता,
मग सही करणाऱ्या बाई रजेवर होत्या.
परकार कंटेनरला हात लावून उभे राहायचे,
ताप बघावा तसे.

अकराव्या दिवशी कागद आला.
तांडेलांनी वाचला आणि सोपा करून सांगितला:
वासराच्या जठरातलं काही वापरलेलं नाही,
बुरशीपासून केलेलं विरजण आहे.
सात हात थांबले.
म्हणजे एरवी...?
"एरवी हो," तांडेल म्हणाले.
"नाहीतर ठिपका कशाला?"

मला चांदीचं वासरू आठवलं.
चीक आधी त्याला, मग उरला तर
लोट्यातून सोनारणीकडे.
लोट्यावर तारीख नव्हती, नंबर नव्हता.
खरवस नीट लागला नाही
तर सोनारीण ओट्यावरून ओरडायची.
एवढं एकच खातं होतं आमच्यावर.

नाही, आणखी एक होतं. मिठाचं.
ही शेड आहे तिथे आमचे दोन कोंडे होते,
त्यावरही कुणीतरी वही घेऊन यायचा,
बाबा सांगायचे.
मोजून जायचा, शिक्का मारायचा.
पण मिठाला मुदत नसते.
पडून राहिलं तरी मीठच.

खेप पास झाली.
तोवर मुंबईच्या व्यापाऱ्यानं बोटांवर दिवस मोजले
आणि फोन उचलायचं सोडलं.
परकारांनी बर्फाचा टेम्पो केला,
मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर,
पिझ्झा लावणाऱ्या हॉटेलांना अर्ध्या भावात.
"तोटा आहे," ते म्हणाले, "पण कायदेशीर तोटा आहे,"
आणि स्वतःच हसले.

निघताना आम्हाला एकेक पाकीट द्यायचं होतं त्यांना.
फुकट माल गेटातून सुटत नाही,
तांडेलांनी मान हलवली.
मग परकारांनी बॉनेटवर बिलबुक ठेवून
सात बिलं फाडली, सात नावांची,
रक्कम भरून, कर वेगळा दाखवून,
आणि साती बिलांचे पैसे
आपल्याच खिशातून आपल्यालाच दिले.

रात्री पाकीट कापलं.
अश्विनीनं तुकडा जिभेवर ठेवला,
डोळे मिटले, म्हणाली, "खारट गं."
मी पाकीट उलटं केलं, दिव्याखाली धरलं.
शंभर ग्रॅमला मीठ किती, लिहिलेलं होतं
माझ्याच हातच्या चिठ्ठीवर.
दिवसभर शेकड्यांनी चिकटवत होते.
वाचलं आत्ता.